नाणं दुर्मिळ का होतं? पोतोसीच्या सूर्याची गोष्ट

नाण्यांवरच्या भागांनंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आज घेतोय. प्रश्न साधा आहे: एखादं जुनं नाणं दुर्मिळ कशामुळे होतं? कमी पाडलं गेलं होतं म्हणून?

कधीकधी हो. पण बऱ्याच वेळा खरं कारण टांकसाळीत सापडत नाही, ते पुढच्या प्रवासात सापडतं. ते नाणं कोणी घेतलं, कोणी नाकारलं, कोणी वितळवलं, कोणी त्याच्यावर दुसराच ठसा मारला, हे बघावं लागतं. हे समजून घ्यायला एकोणिसाव्या शतकातल्या दक्षिण अमेरिकेच्या चांदीच्या नाण्यांसारखं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. मी गेली काही वर्षं ही नाणी जमवतोय. संग्रह लहान आहे, मोठं म्हणावं असं त्यात फार काही नाही. पण या नाण्यांमागे जे राजकारण आहे, ते एखाद्या बखरीइतकं रंगतदार आहे.

सुरुवात डोंगरापासून करावी लागते. आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर पोतोसी नावाचं गाव आहे. गावाच्या डोक्यावर शंकूसारखा लालसर डोंगर आहे, त्याचं नाव सेरो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. १५४५ साली तिथे चांदी सापडली आणि पुढच्या साठसत्तर वर्षांत या ओसाड, गारठलेल्या जागी दीड लाखाच्या वर वस्ती झाली. ही वस्ती आपखुशीने जमलेली नव्हती. स्पेनचा व्हाइसरॉय तोलेदो याने १५७० च्या दशकात 'मिता' नावाची पद्धत पक्की केली. ठरावीक प्रांतांतल्या मूळ रहिवासी पुरुषांपैकी साधारण सातातला एक, पाळीपाळीने, वर्षभर खाणीत पाठवायचा. आपल्याकडे याला सरळ वेठबिगार म्हटलं असतं. सुरुवातीच्या काळात दरवर्षी तेरा हजारांच्या वर माणसं अशी पोतोसीला आणली जात. बायकापोरं, लामा, वर्षभराचा शिधा घेऊन ती चालत यायची. बरीच परत गेलीच नाहीत.

या चांदीचं नाणं म्हणजे आठ रियाल. वजन सुमारे २७ ग्रॅम, तळहाताच्या मध्यावर नीट बसेल एवढं. पोतोसीच्या टांकसाळीची खूण म्हणजे पी, टी, एस ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली. ही खूण त्या काळी सगळ्या जगाला पाठ होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं हीच चांदी पेट्या भरभरून हिंदुस्थानात आणत आणि इथल्या टांकसाळींत तिचे रुपये होत. त्यामुळे तुमच्या पणजीच्या पैंजणांत सेरो रिकोची चांदी असण्याची शक्यता अगदीच कमी नाही. चीनच्या कॅन्टन बंदरात तर हे नाणं तपासून त्यावर आपली बारीक खूण ठोकणारे लोक होते. परदेशी पेढ्यांवरच्या असल्या पारख्याला इंग्रज 'श्रॉफ' म्हणत. शब्द ओळखीचा वाटला ना? आपल्याच सराफाचा तो समुद्रापलीकडे गेलेला भाऊ.

लोकांचा विश्वास या नाण्यावर होता, आणि या नाण्याच्या चेहऱ्यावरही होता. चीनमधल्या व्यापाऱ्यांना चौथ्या कार्लोस राजाचं मुंडकं असलेलं नाणं इतकं आवडायचं की त्याचं पाडणं थांबल्यावरही कित्येक वर्षं ते जास्त भावाने घेतलं जाई. गंमत म्हणजे खुद्द स्पेनने १७७२ आणि १७८६ साली गुपचूप हुकूम काढून नाण्याचा कस उतरवला होता. चांदी जवळपास ९२ टक्क्यांवरून साडेएकोणनव्वद टक्क्यांवर आली. वजन तेच, आत हिण थोडं जास्त. राजे लोकही मापात मारतात, फक्त त्याला ते सुधारणा म्हणतात.

आता १८०८ सालात या. नेपोलियनने स्पेनच्या राजघराण्याला फ्रान्समध्ये अडकवून ठेवलं आणि आपला भाऊ गादीवर बसवला. अमेरिकेतल्या टांकसाळींपुढे प्रश्न आला की नाणं पाडायचं कोणाच्या नावाने? उत्तर मिळालं: कैदेत असलेल्या सातव्या फर्डिनांडच्या. पण त्याचा चेहरा कोणी पाहिला होता? लिमा आणि सान्तियागोच्या कारागिरांनी सरळ मनानेच एक राजा कोरला. लिमाचा राजा वेगळाच कुणीतरी दिसतो, सान्तियागोचा लष्करी पोशाखात एखाद्या दर्यासारंगासारखा. संग्राहक याला 'काल्पनिक मुखवटा' म्हणतात. माझ्या मते स्पेनचं राज्य अमेरिकेत कधी संपलं याची तारीख काढायची झाली तर इथून सुरुवात करायला हरकत नाही. लोकांना माहीत नसलेल्या चेहऱ्याच्या नावाने व्यवहार चालू होता, आणि तो चालतही होता, कारण वजन बरोबर होतं.

मे १८१० मध्ये ब्युनोस आयर्सने स्पेनच्या व्हाइसरॉयला पदावरून काढलं आणि आपलं सरकार स्थापन केलं. या नव्या सरकारपुढे मोठी अडचण होती. ब्युनोस आयर्स हे बंदर. त्याच्या आसपास गुरं भरपूर, पण चांदी नाही. चांदी हजार मैलांहूनही लांब पोतोसीत. म्हणून त्यांच्या फौजा पुन्हा पुन्हा उत्तरेच्या डोंगरांकडे चढत राहिल्या. फेब्रुवारी १८१३ मध्ये मानुएल बेलग्रानो या सेनापतीने साल्ताची लढाई जिंकली आणि वर्षाच्या मध्यावर तो पोतोसीत पोचला.

हा बेलग्रानो पेशाने वकील. अर्जेंटिनाचा निळापांढरा झेंडा पहिल्यांदा उभारला तो यानेच. सैन्य चालवायला तो परिस्थितीने लागला. इकडे ब्युनोस आयर्समध्ये त्याच वर्षी एक सभा बसली होती, अर्जेंटिनाच्या इतिहासात तिला 'तेराव्या सालची सभा' म्हणतात. या सभेचे दोन कायदे एकमेकांशेजारी ठेवून बघा. १२ मार्च १८१३ ला सभेने मिता बंद केली, वेठबिगारीचे इतर प्रकार आणि मूळ रहिवाशांवरचा कर यांसह. हा हुकूम केचुआ, आयमारा आणि ग्वारानी भाषांतही काढायचं ठरलं, म्हणजे ज्यांच्यासाठी आहे त्यांना कळावा. आणि १३ एप्रिलला, महिन्याभराने, त्याच सभेने ठरवलं की पोतोसीच्या नाण्यावरून राजा काढायचा.

राजाच्या जागी आला सूर्य. माणसाचा चेहरा असलेला, चारी बाजूंनी किरण फुटलेला. भोवती अक्षरं: रिओ दे ला प्लाताचे प्रांत. मागच्या बाजूला ढालीत दोन हात एकमेकांना धरून, त्या हातांत भाला, भाल्यावर स्वातंत्र्याची टोपी, आणि भोवती 'ऐक्यात आणि स्वातंत्र्यात' असं ब्रीद. मी आतापर्यंत जेवढी नाणी पाहिली त्यांत इतकं सरळ बोलणारं दुसरं कोणतं आठवत नाही. राजाला हटवलं आणि त्याच्या जागी एखादा सेनापती बसवला नाही, हे विशेष. बेलग्रानो स्वतः तिथे हजर होता, हवं तर आपला चेहरा कोरून घेऊ शकला असता. पुढे बोलिव्हियात असले लोक निघाले, त्यांच्याकडे येऊच.

पण क्रांतिकारकांनी एक गोष्ट बदलली नाही. सभेचा हुकूम असा होता की वजन आणि कस पूर्वीचाच ठेवा. हे त्यांचं शहाणपण होतं. पोतोसीच्या बाजारात मक्याचं पीठ विकणारी बाई किंवा खेचरांचा तांडा हाकणारा माणूस नव्या सूर्याकडे संशयाने बघणारच. पण त्याने ते तराजूत टाकलं की काटा जुन्याच जागी थांबला पाहिजे. आपल्याकडे पेशवाईतल्या टांकसाळींनी वेगळा मार्ग धरला होता. रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचंच ठेवलं, त्याची सत्ता नावापुरती राहिली तरी. लोकांच्या डोळ्यांना सवय झालेली असते, ती मोडायची नाही. ब्युनोस आयर्सवाल्यांनी डोळ्यांची सवय मोडली आणि हाताची सवय ठेवली.

आजच्या विषयाची किल्ली याच गोष्टीत आहे. वजन तेच ठेवल्यामुळे हे नाणं चाललं. आणि वजन तेच असल्यामुळे त्याला मारणंही सोपं झालं. तेवढ्याच आकाराची, तेवढ्याच कसाची चकती. ज्याच्या हाती पडेल तो वितळवून पुन्हा आपला ठसा मारू शकत होता, किंवा वितळवायचे कष्टही न घेता.

सूर्याला पोतोसीत पाच महिनेसुद्धा धड मिळाले नाहीत. १ ऑक्टोबरला विल्कापुखियोला बेलग्रानो हरला, १४ नोव्हेंबरला आयोउमाला पुन्हा हरला. पोतोसी सोडायची वेळ आली. तेव्हा त्याने एक भयंकर हुकूम दिला: टांकसाळ उडवून द्या. ही १७७३ सालची दगडी इमारत, तिच्या जाडजूड भिंती, आत मोठमोठी लाकडी चाकं. तळघरात दारू भरली, वात लावली, आजूबाजूच्या लोकांना लांब जायला सांगितलं. स्फोट झाला असता तर अख्खा चौक आणि भोवतालची घरं गेली असती. फौज गावाबाहेर पडली, लोक मागे वळून बघत राहिले, पण आवाज काही येईना. त्यांच्यातल्याच एका अधिकाऱ्याने पक्ष बदलून वात विझवली होती. त्या वेळी तरुण अधिकारी असलेल्या आणि पुढे मोठा सेनापती झालेल्या होसे मारिया पाझने आपल्या आठवणींत हे सविस्तर लिहून ठेवलंय. ती इमारत आजही उभी आहे, संग्रहालय म्हणून. बेलग्रानोचा मला आदर वाटतो, पण वात विझवणाऱ्या त्या हाताचे आभार मानल्याशिवाय राहवत नाही. आणि हेही खरं की त्याच्यामुळेच दुसऱ्या दिवसापासून तिथे राजाची नाणी पाडण्याची सोय झाली.

१८१५ मध्ये ब्युनोस आयर्सची फौज परत आली, पुन्हा काही महिने सूर्य उगवला, आणि नोव्हेंबरमध्ये सिपे-सिपेच्या पराभवानंतर कायमचा मावळला. या दुसऱ्या फेरीत एक बारीक बदल दिसतो. काही नाण्यांवर किमतीपुढे 'आर' ऐवजी 'एस' आहे. म्हणजे आठ रियालऐवजी आठ सोल. स्पॅनिशमध्ये रियाल म्हणजे राजाचा, शाही. सोल म्हणजे सूर्य. राजाचा चेहरा तर दोन वर्षांपूर्वीच गेला होता, नाण्याच्या नावात मात्र तो बसून होता, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असावं. संग्राहक हे आठ सोलचं नाणं आवर्जून शोधतात, आणि ते आठ रियालपेक्षा अवघड जातं.

जाता जाता एक विनोद. अर्जेंटिनाने १९९४ पासून एक पेसोचं जे दोन धातूंचं नाणं काढलं, त्यावर या १८१३ च्या नाण्याचीच नक्कल आहे. १९९५ च्या काही नाण्यांवर 'प्रोव्हिन्सियास' या शब्दातल्या 'सी' च्या जागी 'जी' पडला. देशाच्या पहिल्या नाण्याची आठवण म्हणून काढलेल्या नाण्यावर देशाचंच नाव चुकलं. ते मात्र मुळीच दुर्मिळ नाही, माझ्याकडेही आहे.

मग १८१३ आणि १८१५ च्या सूर्यांचं झालं काय? एक उत्तर शेजारच्या ब्राझीलमध्ये मिळतं, आणि माझ्या आवडीचा भाग हाच आहे.

नेपोलियनच्या भीतीने पोर्तुगालचा राजपरिवार १८०७ च्या शेवटी लिस्बन सोडून निघाला आणि १८०८ मध्ये रिओ दि जानेरोला येऊन राहिला. म्हणजे त्या काळात आपल्या गोव्याचा कारभारही शेवटी रिओला बसलेल्या राजाच्या नावाने चालत होता. या दरबाराला पैसा हवा होता आणि ब्राझीलकडे चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या. युक्ती काय काढली? आजूबाजूच्या स्पॅनिश प्रांतांतून येणारं आठ रियालचं नाणं साधारण ७५० ते ८०० रेइसला घ्यायचं, न वितळवता तसंच दाबाखाली ठेवायचं, वर पोर्तुगालची ढाल आणि मुकुट मारायचा आणि ९६० रेइस म्हणून बाहेर काढायचं. भट्टी नाही, नवी चकती नाही, एका दणक्यात वीस टक्क्यांच्या वर फायदा. १८१० पासून पुढची सतरा वर्षं हे चाललं.

दणका मात्र नेहमी पुरता बसत नसे. माझ्याकडचं ९६० रेइसचं नाणं १८१९ सालचं आहे. वर सगळं पोर्तुगीज. पण तिरक्या उजेडात धरलं की ढालीच्या कडेला जुनी अक्षरं वर येतात, कार्लोसच्या नावाची शेवटची चार. राजाचं नाक कुठे असेल याचाही अंदाज येतो. हे काम मी उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्यांना लावून देतो. भिंग आणि टॉर्च दिला की तास-दीड तास घरात शांतता. खालच्या नाण्याची टांकसाळ, साल, पारख्याची अक्षरं ओळखायची. बहुतेक वेळा खाली कुठलातरी स्पॅनिश राजाच निघतो. पण क्वचित, अगदी क्वचित, ढालीच्या मागून किरण दिसतात. म्हणजे खाली पोतोसीचा सूर्य आहे. चिलीने १८१७ पासून पाडलेला ज्वालामुखीचा पेसोही असा खाली गाडलेला सापडतो. असं नाणं बाजारात आलं की जाणकार तुटून पडतात. क्रांतीचं नाणं सीमा ओलांडून शेजारच्या राजाकडे गेलं आणि त्याने ते चक्क पुसून वापरलं, हा व्यवहार तुम्ही हातात धरून बघू शकता.

पुसण्याची दुसरी तऱ्हा लिमात. २८ जुलै १८२१ ला सान मार्तिनने पेरूचं स्वातंत्र्य जाहीर केलं. पुढच्या वर्षी 'पेरू लिब्रे', स्वतंत्र पेरू, अशी अक्षरं असलेलं आठ रियालचं नाणं निघालं. मागे सद्गुण आणि न्याय यांच्या दोन स्त्रीमूर्ती. पण स्वातंत्र्य जाहीर होणं वेगळं आणि मिळणं वेगळं. फेब्रुवारी १८२४ मध्ये काय्याओच्या किल्ल्यातल्या थकलेल्या, पगार न मिळालेल्या शिबंदीने बंड केलं आणि राजनिष्ठ फौजा पुन्हा लिमात घुसल्या. त्यांच्या हाती हीच 'स्वतंत्र' नाणी लागली. चांदी उत्तम, मजकूर राजद्रोही. वितळवायला सवड नव्हती. त्यांनी एक छोटा ठसा केला, वर मुकुट आणि खाली १८२४, आणि तो न्याय-सद्गुणांच्या नाण्यांवर ठोकून दिला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला आयाकुचोच्या लढाईत स्पेनचा व्हाइसरॉयच कैद झाला. म्हणजे हा मुकुट वर्षभरही टिकला नाही. मी हे नाणं एकदाच हातात घेतलंय, एका प्रदर्शनात, विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. ठोका जोरात होता आणि जरा वाकडा. घाईत मारल्यासारखा.

तिसरी तऱ्हा समुद्रापलीकडे, मनिलात. फिलिपिन्स अजून स्पेनकडेच होतं. आकापुल्को ते मनिला चालणारी सरकारी गलबतं १८१५ मध्ये थांबली होती आणि व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आता येत होती ती या नव्या प्रजासत्ताकांची नाणी: सूर्य, ज्वालामुखी, स्वातंत्र्याच्या टोप्या. राज्यपालाची पंचाईत झाली. चांदी नाकारली तर व्यापार बसतो, घेतली तर बंडखोरीची जाहिरात घरोघर जाते. १८२८ मध्ये मनिलाने मोठा ठसा करून नाण्याच्या दोन्ही बाजू दाबायला सुरुवात केली. अर्थ असा की आमचे राजे सातवे फर्डिनांड यांनी हे चालवण्यास परवानगी दिली आहे. म्हणजे राजाविरुद्ध लढून मिळवलेल्या नाण्याला राजाचाच परवाना. पुढे मोठा ठसा सोडून १८३२ पासून लहान शिक्का आला, मुकुटाखाली एफ आणि सात. फर्डिनांड वारल्यावर लहानग्या इझाबेला दुसरीच्या नावाचा. १८३६ च्या शेवटी स्पेनने मेक्सिकोचं स्वातंत्र्य मान्य केलं आणि पुढच्या वर्षी हा शिक्क्यांचा कारखाना बंद पडला. ज्या देशांना मान्यता दिली त्यांच्या नाण्यावर किती दिवस ठोकणार?

आता उलटं उदाहरण, कारण त्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. १८२५ मध्ये पोतोसी शेवटी स्वतंत्र झालं, पण ते ब्युनोस आयर्सला मिळालं नाही. नवा देश झाला, बोलिव्हिया. ऑक्टोबर १८२५ मध्ये सिमोन बोलिव्हार स्वतः सेरो रिकोवर चढून गेला. १८२७ पासून त्याच्या चेहऱ्याचं आठ सोलचं नाणं निघालं, मागे एक झाड, त्याच्याखाली बसलेले दोन लामा, वर सहा तारे. आणि कडेवर, जिथे कुणी बघत नाही तिथे, आयाकुचो आणि सुक्रे ही नावं. आयाकुचो जिंकणारा सुक्रे हा बोलिव्हियाचा अध्यक्ष होता. आपलं नाव त्याने नाण्याच्या कडेवर राहू दिलं, हे मला आवडतं.

पण १८३० मध्ये अध्यक्ष सान्ता क्रूझच्या सरकारने खर्चाची तोंडमिळवणी करायला चार सोल आणि त्याखालच्या नाण्यांचा कस पाडला. चांदी साधारण दोन तृतीयांश, बाकी हिण. आठ सोलचा कस मात्र पूर्वीचाच. पुढे काय होणार हे कुठलाही सराफ सांगेल. चांगलं आठ सोल लोकांनी बाजूला काढलं, ते बंदरातून बाहेर गेलं आणि परदेशी भट्ट्यांत पडलं. हिणकस चार सोल बाजारात राहिलं. तेवढ्यावर थांबलं नाही, ते दक्षिण पेरूत पसरलं, अर्जेंटिनाच्या उत्तरेत पसरलं. ज्या गावांनी कधी बोलिव्हियाचा झेंडा पाहिला नाही तिथे पगार आणि उधारी या नाण्यात होऊ लागली. पेरूने स्वतःचं चांगलं नाणं पाडलं की तेही बाहेर पळायचं. १८६३ मध्ये पेरूने नवा सोल काढला त्यामागे या 'अशक्त' नाण्याचा त्रास हे एक मोठं कारण होतं. पुढच्या वर्षी बोलिव्हियानेही दशमान पद्धतीचं बोलिव्हियानो काढलं, आणि लगेच १८६५ मध्ये मेल्गारेहो नावाच्या लष्करशहाने स्वतःच्या चेहऱ्याची, स्वतःच्याच नावाची नाणी पाडली. कस? पुन्हा दोन तृतीयांश.

आता संग्राहकाच्या नजरेने बघा. १८३० चं चार सोल आज सहज मिळतं. माझ्या संग्रहातलं हे पहिलं दक्षिण अमेरिकी नाणं, बोलिव्हारचं नाक पार झिजलेलं. ते वितळवण्यात कुणालाच फायदा नव्हता, म्हणून वाचलं. आणि मिता बंद करणाऱ्या सभेचा, खऱ्या चांदीचा सूर्य चांगला होता म्हणून वितळला. बेलग्रानोने सूर्यात दोन तृतीयांश चांदी घातली असती तर आज तो प्रत्येक नाणे बाजारात टोपलीत पडलेला दिसला असता. पण मग १८१३ च्या पोतोसीत तो कुणी घेतला नसता.

मिताचंही सांगायला हवं. बेलग्रानोची फौज गेली आणि कायदा कागदावर राहिला. पोतोसीतून ती खऱ्या अर्थाने गेली ती १८२५ नंतर, बोलिव्हारच्या वेळी. मधल्या बारा वर्षांत केचुआ आणि आयमारा बोलणाऱ्या कितीतरी लोकांनी आपल्या भाषेतला तो हुकूम ऐकला असेल आणि तरीही त्यांना खाणीत उतरावं लागलं असेल. सूर्याचं नाणं हातात घेतलं की मला शिल्पकलेपेक्षा हे आधी आठवतं.

आता ज्यांना ही नाणी जमवायची आहेत त्यांच्यासाठी थोडं. बाजारात खोटा माल भरपूर आहे, आणि ठशांवर ठसे असलेल्या नाण्यांत तर जास्तच, कारण साधं झिजलेलं खरं नाणं घेऊन त्यावर मनिलाचा शिक्का ठोकला की किंमत अनेक पटींनी वाढते. माझ्या ओळखीच्या एका संग्राहकाला असं एक नाणं विकलं गेलं. नाणं खरं, शिक्का कालचा. बघायचं काय? नाणं गुळगुळीत झिजलंय आणि शिक्क्याच्या कडा मात्र धारदार, मग थांबा. खरा शिक्का मारल्यावरही नाणं वापरात होतं, त्यामुळे शिक्काही थोडा झिजायला हवा. नाणं उलटून शिक्क्याच्या बरोबर मागची जागा बघा, ठोक्याने ती चपटलेली असते. त्या चपट्या भागाचा रंग बाकी पृष्ठासारखाच आहे ना, ते पाहा.

वजन घ्याच. थोडासा घोळ झिजेने होतो, दोन-तीन ग्रॅमचा सहसा होत नाही. पाण्यात लोंबकळवून घनता काढा, आठ रियालच्या कसाच्या चांदीची ती १०.३ च्या आसपास येते. आपल्या गल्लीतला जुना सोनार हे पाच मिनिटांत करून देतो आणि चहाही पाजतो. राजाच्या मुखवट्याच्या आठ रियालची कड फिरवून बघा. एक गोल, एक चौकोन अशी नक्षी असते आणि समोरासमोर दोन जागी ती एकमेकींवर चढलेली असते, कारण कड दोन पट्ट्यांमध्ये फिरवून उमटवत. ओतीव नकलेत हे जमत नाही, तिथे कडेला बारीक शिवण दिसते.

भोक पाडून बुजवलेलं, टाका लावून दागिन्यात घातलेलं नाणं स्वस्त मिळतं. मी ते आनंदाने घेतो. चीनच्या खुणा ठोकलेलंही घेतो. लखलखीत घासलेलं मात्र घेत नाही, कारण घासताना खालचं जुनं अक्षर पहिल्यांदा जातं, आणि या नाण्यांत बघायचं असतं ते खालचंच अक्षर.

तुमच्याकडे घरात जुन्या ट्रंकेत, आजोबांच्या पेटीत असं मोठं जड परदेशी नाणं असेल तर साफ न करता, तिरक्या उजेडात दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढून पाठवा. पी, टी, एस गुंफलेलं काही दिसलं तर आधी तेच सांगा.